दूधयंत्राचं चौथं काम

म्हाळसा आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा गावात तिच्या शिक्षणापेक्षा तिच्या नावाचीच चर्चा जास्त झाली. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी आणि नाव म्हाळसा. तिच्या आजीनं खंडोबाला बोलून ठेवलं होतं की घरात मुलगी जन्मली तर हेच नाव ठेवू, आणि पणदऱ्याला तिच्या माहेरी आजीचा शब्द कोणी मोडत नसे. कॉलेजात मैत्रिणी तिला माही म्हणायच्या. पुण्यात तिनं वर्षभर नोकरी केली, तिथल्या साहेबाला नाव उच्चारायला जमेना म्हणून तो नुसतं 'एम' म्हणायचा. मग ती बारामतीला एमआयडीसीत मोहनरावांच्या छोट्या कंपनीत लागली. तिथं पहिल्याच दिवशी सगळ्यांनी तिला सरळ म्हाळसा म्हणून हाक मारली. फार बरं वाटलं म्हणते, अंगावरची दुसऱ्याची साडी सोडून ठेवल्यासारखं.

मी तिची थोरली जाऊ, रेश्मा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. काटेवाडीत आम्ही सगळे एकाच घरात राहतो. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण म्हाळसाला दिवसभराचं काम कोणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जात नाही, आणि संध्याकाळी चुलीशी तिच्या शेजारी मीच असते. भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ऋषिराजला, ती सांगायला गेली की ते मान हलवत हलवत झोपतात. त्यामुळे इथं लिहिलंय त्यातलं बरंचसं तिच्याकडून ऐकलेलं आहे. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

तिचा स्वभाव काळजीखोर. घाबरट नव्हे, काळजीखोर. फाटकापर्यंत जाऊन परत येणार, मोटरचं बटण बंद आहे का बघणार, मग निघणार. सासूबाई तिला म्हणायच्या, "अगं, तू न्हाय बघितलं तरी ते बंदच हाय." तिला ते पटायचं, पण बघून आल्याशिवाय पाय पुढं पडत नसे.

मोहनरावांची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम बनवते. गावोगाव केंद्रं आहेत, सकाळ-संध्याकाळ माणसं दूध घेऊन येतात, वजन होतं, फॅट मशीनमध्ये नमुना जातो, फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, निघते, त्यावर दर ठरतो, नोंद होते. या सगळ्यामागं म्हाळसाचा प्रोग्राम चालतो. अडचण अशी की फॅट मशीन प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाला आकडा मागितला की लगेच देतं, दुसऱ्याला आधी जागं करावं लागतं, तिसरं दोनदा विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून प्रत्येक मशीनसाठी एक छोटा, जोडणीचा प्रोग्राम असतो. तो कधी मोहनरावांकडं लिहिलेला असतो, कधी मशीन विकणाऱ्यानं कोणाकडून तरी लिहून घेतलेला.

म्हाळसाच्या मोठ्या प्रोग्रामाला मशीन कुणाचं याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यानं फक्त एक करार मांडून ठेवलाय: दूधयंत्र म्हणवून घ्यायचं असेल तर तीन कामं आली पाहिजेत. नमुना आत घेणं, फॅट सांगणं, डिग्री सांगणं. ती कशी करायची ते ज्याचं त्यानं बघावं. या कराराला ते लोक इंटरफेस म्हणतात आणि त्यातल्या एकेका कामाला मेथड. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "एवढंच होय?" ती म्हणाली, "एवढंच. पण ह्यात एक काम वाढवायचं म्हटलं की झोप उडते."

तसं एकदा झालंही होतं. ती नवीन लागली होती तेव्हा तिच्या वरच्या जागेवर रामहरी होते. लासुर्ण्याचे. तिला सगळं त्यांनीच शिकवलं. त्या वर्षी करारात चौथं काम घालायचं ठरलं, दुधाचं तापमान सांगण्याचं. नव्या मशीनांना ते येत होतं. जुन्यांच्या जोडणीचे प्रोग्राम लिहिणारे कुठं कुठं विखुरलेले; कोणी नोकरी बदललेली, कोणाचं दुकान बंद झालेलं. त्यांच्या प्रोग्रामांना तीनच कामं ठाऊक. सकाळी केंद्रं उघडली, मोठ्या प्रोग्रामानं तापमान मागितलं, आणि जिथं जिथं जुनी मशीनं होती तिथं सगळं जागच्या जागी थांबलं. लोक किटल्या घेऊन उभे. रामहरी सकाळभर फोनवर शिव्या खात होते. म्हाळसा शेजारी बसून त्यांना पाणी देत होती, कारण तिला दुसरं काहीच करता येत नव्हतं. दुपारी मोहनरावांनी ते चौथं काम काढून टाकायला लावलं. त्यानंतर कराराला हात लावायचं नाव कोणी काढत नसे.

पुढं रामहरींचे वडील थकले. ते नोकरी सोडून लासुर्ण्याला गेले आणि त्यांनी पेरूची बाग लावली. म्हाळसा त्यांच्या खुर्चीवर आली.

मधल्या काळात ज्या भाषेत हे प्रोग्राम लिहितात ती जावा भाषा सुधारली. आता इंटरफेसमध्ये नवीन काम घालताना ते करायची एक तयार पद्धतही तिथंच लिहून ठेवता येते. तिला डिफॉल्ट मेथड म्हणतात. ज्या जोडणीच्या प्रोग्रामाला ते काम येत नाही, त्याच्यासाठी ही तयार पद्धत चालते. ज्याच्याकडं स्वतःची पद्धत असेल त्याची स्वतःची चालते. जुन्या प्रोग्रामांना हात लावायचा नाही, कोणाचा पत्ता शोधायचा नाही. केंद्रांवरचे कॉम्प्युटर जुने होते, त्यांच्यावर नवं जावा चढवायलाच कितीतरी दिवस गेले. शेवटचं केंद्र झालं त्या संध्याकाळी म्हाळसानं घरी येऊन स्वतः होऊन पुरणपोळ्या केल्या. सणवार काही नव्हता. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, "सुटले."

या हंगामात दूध संघाकडून मागणी आली. म्हशीचं दूध घालणाऱ्यांची तक्रार होती, आधी कुणी गाईचं दूध घातलं असेल तर मशीनमध्ये त्याचा अंश राहतो आणि पुढच्या माणसाची फॅट चुकीची लागते. गाईवाल्याची उगाच वाढते, म्हशीवाल्याची उगाच घटते, आणि भांडणं होतात. तेव्हा प्रत्येक नमुन्यानंतर मशीन धुतलं गेलं पाहिजे. म्हणजे दूधयंत्राला चौथं काम आलं, धुण्याचं.

नव्या मशीनांमध्ये पाणी ओढणारा छोटा पंप असतो, ती स्वतःची स्वतः धुतात. जुन्यांसाठी म्हाळसानं डिफॉल्ट लिहिली: स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'यंत्र धुवून घ्या' असं यायचं, केंद्रचालकानं पाणी घालून धुवायचं, हिरवं बटण दाबायचं, मगच पुढचा नमुना. मोहनरावांनी विचारलं, "जुनी बंद पडणार नाहीत ना?" ती म्हणाली, "न्हाय पडणार." ऑफिसात जेवढ्या मशीनांचे जोडणीचे प्रोग्राम होते तेवढे सगळे तिनं एकेक करून चालवून पाहिले. मग पुन्हा पाहिले. ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं.

शनिवारी दुपारी तिनं ते सगळ्या केंद्रांना पाठवलं. शनिवारी माझी शाळा सकाळची. बारामतीत माझी थोडी खरेदी होती, ती उरकून मी तिच्या ऑफिसात गेले, तिच्या स्कूटीवर बरोबर घरी जाऊ म्हणून. ती डबा उघडून बसली होती आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. एकेक केंद्र अपडेट घेत होतं आणि तिच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढं हिरवी खूण येत होती. कुणाचा फोन नाही, तक्रार नाही.

"रामहरीदादांना सांगते," ती म्हणाली. हात भाजीनं भरलेले म्हणून तिनं फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला.

रामहरी इंदापूरला मार्केट यार्डात होते, पेरू घेऊन गेले होते. मागं क्रेट आपटल्याचे आवाज येत होते.

"दादा, करारात चौथं काम घातलं," म्हाळसा म्हणाली. "कुणाचं काय बंद पडलं न्हाय. आठवतंय का तापमानाचं?"

"न आठवायला काय झालं. त्या सकाळपास्नं माझा हा कान कमीच ऐकतो."

ती हसली. मग तिनं डिफॉल्ट कशी लिहिली ते सांगितलं, धुण्याचं सांगितलं, हिरव्या बटणाचं सांगितलं. रामहरी मध्ये मध्ये "झकास" म्हणत होते. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "नाव काय दिलंस कामाला?"

"क्लीन."

पलीकडून नुसतेच क्रेटचे आवाज येत राहिले.

"दादा?"

"म्हाळसा, आमच्या गावात प्रयागबाईंच्या केंद्रावर ते जुनं मशीन हाय बघ. ज्याची कंपनीच बंद झाली. त्याचा जोडणीचा प्रोग्राम मी घरी बसून लिहून दिलाय. ऑफिसात त्याची कॉपी न्हाय."

"बरं, मग? तुमचा प्रोग्राम तीन कामं करत असंल तर डिफॉल्ट लागंल की."

"त्यात मी क्लीन नावाचं एक लिहिलंय."

म्हाळसाच्या हातातला घास डब्यात गेला. "काय करतं ते?"

"नोंदी पुसतं. त्या कॉम्प्युटरला जागा कमी, म्हणून जुनं साफ करायला."

मला काही कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिघडलंय एवढं कळलं. तिनं विचारलं, "नुसतं क्लीन म्हटलं की पुसतंय, का त्याला किती दिवसांचं ते सांगावं लागतंय?"

"ते आठवत न्हाय गं. तीन-चार वर्षं झाली. घरी लॅपटॉपात असंल. मी निघतो, पण माझं वजन व्हायचंय अजून."

फोन ठेवून ती मोहनरावांच्या केबिनमध्ये गेली, मी दारात उभी राहिले. मोहनराव म्हणजे साठीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्यांना तिनं जे सांगितलं त्यातून मलाही कळलं. ज्याच्याकडं त्याच नावाचं काम आधीच आहे, तिथं डिफॉल्ट बाजूला राहते आणि त्याचं स्वतःचंच चालतं. जावाला कसं कळणार की हिच्या क्लीनचा अर्थ धुणं आणि त्यांच्या क्लीनचा अर्थ पुसणं? म्हणजे संध्याकाळी प्रयागबाई एकेकाचं दूध घेणार, मोठा प्रोग्राम दर नमुन्यानंतर 'क्लीन' म्हणणार, आणि रामहरींचा प्रोग्राम इमानदारीनं नोंदी पुसत जाणार. स्क्रीनवर काही चूक दिसणार नाही. काही बंदही पडणार नाही.

"तापमानाच्या वेळी निदान बंद तरी पडलं होतं," ती म्हणाली. "लगेच कळलं तरी."

"तिथं पावती देतात ना?" मोहनरावांनी विचारलं.

"न्हाय सर. तिथं सगळ्यांना नंतर मोबाईलवर मेसेज जातो. नोंदीवरनंच."

मोहनरावांनी आवाज चढवला नाही. "अपडेट मागं घे. लासुर्ण्यानं अजून घेतलं नसलं तर प्रश्नच मिटला."

तिनं मागं घेतलं आणि यादी पाहिली. लासुर्ण्यापुढं हिरवी खूण होती, म्हणजे तिथं ते आधीच चढलं होतं. प्रयागबाईंना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तसंच. त्या दुपारी स्वतःच्या म्हशींचं बघतात आणि फोन घरात कपाटावर असतो, हे म्हाळसाला ठाऊक होतं. "जाते मी," ती म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, तुमी रिक्षानं घरी जाता का?"

मी म्हटलं, "मी कशाला जाऊ? चल, मागं बसते." तिला एकटीला त्या अवस्थेत गाडी चालवू द्यायला माझं मन तयार नव्हतं.

इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या. एकीला ओलांडलं की पुढं दुसरी. आमच्या काटेवाडीच्या फाट्यावरून पुढं गेलो तेव्हा तिनं घराकडं मानही वळवली नाही. भवानीनगर आलं, सणसर मागं पडलं. एरवी गाडीवरही बोलत असते, त्या दिवशी एक अक्षर नाही. एकदाच म्हणाली, "ताई, मी सगळे तपासले हुते. दोनदा तपासले हुते."

मी म्हटलं, "जे तुझ्याकडं होतंच नाही ते कसं तपासणार?"

तिनं पुढची ट्रॉली ओलांडली. ती तेव्हा काय विचार करत होती ते तिनं मला नंतर सांगितलं. करार लिहिणाऱ्याला तो कुणी कुणी धरलाय हे कधीच पुरतं कळत नाही. कुणीतरी कुठंतरी घरी बसून, आपल्या गावच्या बाईची अडचण बघून, चार ओळी लिहिलेल्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, पण आपण नाव बदललं तरी त्यांना झळ लागते, नवीन नाव ठेवलं तरी लागते.

लासुर्ण्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. केंद्र म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली. बाहेर मोटारसायकली, किटल्या, दहा-बारा माणसं. दूध घालणं सुरू झालेलं होतं. ते बघूनच म्हाळसाचे खांदे पडले. गाडी स्टँडवर नीट लागली की नाही तेही न बघता ती आत शिरली. मी गाडी सावरली आणि मागोमाग गेले.

प्रयागबाई काट्यामागं उभ्या होत्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, आवाज मात्र सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. म्हाळसाला बघताच त्यांनी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

"ह्या बघा, आल्या बाई. काय गं, हे काय नवीन काढलंय तुमी? एकाचं माप झालं की धू म्हणतंय. दुसऱ्याचं झालं की धू म्हणतंय. ते हिरवं बटन दाबल्याबिगार म्होरं जात न्हाय. लोकं खोळंबल्यात माझी."

म्हाळसा जागीच थांबली. "काय म्हणतंय?"

"धू म्हणतंय. हे बघ की."

त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'यंत्र धुवून घ्या'. खाली हिरवं बटण.

"कधीपास्नं म्हणतंय?"

"चालू केल्यापास्नं. पयल्या मापापास्नं."

दाराशी एक रिकामी दुधाची पेटी उलटी ठेवलेली होती, म्हाळसा तिच्यावर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी वाकून बघितलं तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "धू म्हणतंय म्हंजे आमची डिफॉल्ट चाललीय. दादांचं चाललं असतं तर धू म्हणलंच नसतं. गप पुसत बसलं असतं."

प्रयागबाईंना हे सगळं काय चाललंय कळेना. "अगं, रडायला काय झालं? मी काय रागावले न्हाय. धुते की मी. पाणी हाय रग्गड."

"न्हाय मावशी, तुमी बरोबर करताय," म्हाळसा उठून म्हणाली. "मला जरा नोंदी बघू द्या." संध्याकाळची पहिल्या माणसापासूनची प्रत्येक नोंद तिथं होती. वजन, फॅट, डिग्री, सगळं. तिनं वरून खाली पाहिलं, मग खालून वर. मागच्या दिवसांचं पाहिलं. तेही जसंच्या तसं होतं. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, असं धुतल्यावर माझी फॅट वाढंल का?" म्हाळसा म्हणाली, "तुमची जेवढी हाय तेवढी लागंल, आबा." आजोबांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

तोवर रांग पुढं सरकत राहिली. प्रयागबाई माप घ्यायच्या, धुवायच्या, बटण दाबायच्या. मी किटल्या सरकवायला हात लावला. आणखी काय करणार.

रांग संपत आली तेव्हा रामहरी आले. टेम्पोवाल्याला गावाच्या वेशीत सोडून, घरून लॅपटॉप घेऊन, मोटारसायकलवर. उंच माणूस, बनियनवर शर्ट, तोंड उतरलेलं. त्यांनी म्हाळसाकडं बघितलं आणि ती हसतेय म्हटल्यावर ते दारातच थांबले.

"न्हाय पुसलं?"

"न्हाय पुसलं. धू म्हणतंय."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग पेटीवर लॅपटॉप ठेवून त्यांनी आपला तो प्रोग्राम उघडला. दोघं वाकून बघायला लागले आणि रामहरींनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. दिवस मागतंय. किती दिवसांच्या आधीचं पुसायचं ते सांगावं लागतं."

मला म्हाळसानं तिथंच समजावलं. नुसत्या नावावरून जावा काम ओळखत नाही. नाव आणि त्याबरोबर काय द्यायचं, दोन्ही मिळून ओळखते. हिच्या क्लीनला काहीच द्यावं लागत नाही. रामहरींच्या क्लीनला दिवसांचा आकडा द्यावा लागतो. म्हणून जावाच्या लेखी ती दोन निराळी कामं. रामहरींकडं बिनआकड्याचं क्लीन नव्हतंच, म्हणून तिथं डिफॉल्ट लागली. एका घरात दोन मुली एकाच नावाच्या असल्या तर आपण धाकटी-थोरली म्हणतोच की, मी म्हटलं. तसंच, ती म्हणाली.

"आधी मी आकडा न मागताच लिहिलं हुतं," रामहरी ओळी वाचता वाचता म्हणाले. त्यांना आता आठवायला लागलं होतं. "सगळंच पुसायचं. मग ह्या प्रयागबाईच म्हणाल्या."

"काय म्हणाले मी?"

"की सगळं नका पुसू. चालू महिन्याचं राहू द्या, लोकं विचारायला येत्यात. म्हणून दिवस घातले."

"मग बरोबरच म्हणाले," प्रयागबाई म्हणाल्या आणि काट्यावर फडकं फिरवायला लागल्या.

म्हाळसानं मोहनरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवलीस का?" तेव्हा तिला आठवलं की डबा तसाच उघडा टेबलावर राहिलाय. रामहरींनी मोटारसायकलच्या पिशवीतून पेरू काढले. प्रयागबाईंनी आतून तिखट-मीठ आणलं, विळीवर फोडी केल्या. आम्ही चौघं पेटीभोवती उभ्यानं खात होतो. म्हाळसानं इतके पेरू खाल्ले की रामहरी म्हणाले, "बास, पोट दुखंल."

खाता खाताच ते म्हणाले, "ह्या खेपेला वाचलं. पण नाव तसंच ठेवू नको. माझ्यासारखे आणखी कोण कोण असतील."

"न्हाय ठेवत. नमुन्यानंतर धुणं असं सरळ लांबलचक नाव देते. एवढं लांब नाव आधी कुणी ठेवलेलं नसंल."

"आणि हा माझा प्रोग्राम घेऊन जा. ऑफिसात ठेव. पुढच्या वेळी तपासताना ह्यालाबी तपास."

तिनं तो पेन ड्राइव्हवर घेतला. रामहरींना थोडं अवघडल्यासारखं झालं होतं. मघाशी इंदापुरातून येताना आपल्यामुळं गावाचं दूध बुडणार असंच त्यांना वाटत होतं, आणि गावात परत तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत ते आले होते. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, त्यांच्या बायकोनं नंतर म्हाळसाला फोनवर सांगितलं.

येताना ट्रॉल्या तेवढ्याच होत्या, पण म्हाळसाला त्यांची घाई नव्हती. एका ट्रॉलीमागं ती तशीच सावकाश चालवत राहिली आणि मला काही काही सांगत राहिली. रामहरी पहिल्यांदा शिकवायला लागले तेव्हा ते प्रत्येक ओळीनंतर 'कळलं का' विचारायचे आणि ती न कळताही हो म्हणायची, असलं काहीतरी. भवानीनगरला आम्ही थांबून भेळ खाल्ली. घरी आल्यावर तिनं भावजींना सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि त्या दिवशी भावजी जागे राहिले.

सोमवारी तिनं नव्या नावानं अपडेट पुन्हा पाठवलं. या वेळी पाठवण्याआधी तिनं सगळ्या केंद्रांना फोन केले आणि विचारलं, तुमच्या मशीनला कुणी घरच्या माणसानं, ओळखीच्यानं काही लिहून दिलंय का. आणखी दोन ठिकाणी निघालं. त्यांचे प्रोग्रामही तिनं मागवून घेतले आणि चालवून बघितले. दोन्ही ठिकाणी स्क्रीनवर 'यंत्र धुवून घ्या' आलं. त्या संध्याकाळी ती वेळेवर घरी आली.

दोन दिवसांनी आम्ही भाकऱ्या करत होतो तेव्हा पणदऱ्याहून तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्याकडं गाई आहेत. आवाज तापलेला.

"म्हाळसा, तुझं मशीन बिघडलंय. चार फॅट लागत हुती माझी, आता साडेतीन लागतीया."

"तुमच्या आधी दूध कोण घालतं, बाबा?"

"शेजारचा आबासाहेब. रोजच. का गं?"

"त्यांच्या म्हशी हायत का?"

"व्हय. त्याचा काय संबंध?"

म्हाळसानं फोन कानापासून लांब धरला, कारण तिला हसू आवरेना. मग तिनं त्यांना धुण्याचं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. शेवटी तिनं पीठ लागलेल्या हातानं फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, "ताई, तुमी मास्तरीण हायसा, तुमी सांगा." मी सांगत बसले, आणि ती तव्यावरची भाकरी उलटून दुसरी थापायला लागली.